लग्न ठरलंय आणि ‘धातू जाते’ म्हणून धास्तावलेल्या मुलाला

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. मुलगा २५ वर्षांचा, मूळचा बीड जिल्ह्यातला, पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. लग्न ठरलंय, साखरपुडा झालाय, तारीख वैशाखातली आहे. महिन्यातून तीन-चारदा झोपेत वीर्य जातं. सकाळच्या लघवीत कधीकधी पांढरं दिसतं. संडासला जोर लावला की चिकट थेंब येतो. हस्तमैथुनाची सवय आहे. दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं, कंबर दुखते, वाचलेलं डोक्यात राहत नाही. महिन्यातून एकदा लॉजवर बसणाऱ्या एका वैद्याने ‘धातू, म्हणजे वीर्य, पातळ झालीय, मूल होणार नाही’ असं सांगून ४५ दिवसांच्या पुड्या दिल्या. त्याचे पैसे मित्रांकडून उसने घेतले आणि फरक काहीच पडला नाही. आता तो विचारतो: लग्न पुढे ढकलू का? मुलीला सांगू का? आणि शेवटच्या ओळीत: धाकटा भाऊ नववीत आहे, त्याची माझ्यासारखी गत होऊ नये म्हणून त्याला काय सांगू?

मित्रा, मी त्वचा आणि गुप्तरोगांचा डॉक्टर आहे. तू लिहिलेलं जवळजवळ याच शब्दांत सांगणारी मुलं माझ्या ओपीडीत दर आठवड्याला येतात. बहुतेक जण आधी खाज किंवा केस गळण्याची तक्रार सांगतात आणि उठून दाराशी गेल्यावर खरी गोष्ट काढतात. तू सरळ विचारलंस, म्हणून मीही सरळ सांगतो. तू लिहिलेल्या एकाही लक्षणाला धातूचा आजार म्हणता येत नाही. या कारणासाठी लग्न पुढे ढकलू नकोस. पण काही तपासण्या करून घे आणि काही गोष्टी लग्नाआधी नीट समजून घे. तुला भीती घातली गेली ती एका बाजूची, आणि माहिती हवी होती ती राहूनच गेली.

वीर्य म्हणजे रक्ताचा अर्क नव्हे. चाळीस थेंब रक्तापासून वीर्याचा एक थेंब होतो असं कुणी सांगतं, कुणी शंभर सांगतं. शरीरात असा कोणताही कारखाना नाही. एका वेळी साधारण दीड ते पाच मिलिलिटर वीर्य बाहेर पडतं, म्हणजे फार तर एक चमचा. त्यातला बहुतेक भाग मूत्राशयामागच्या वीर्यकोशांतून आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो: पाणी, थोडी साखर, थोडी प्रथिनं, जस्त. शुक्रजंतूंचा वाटा अगदी छोटा असतो. तोंडात लाळ सुटते तसाच हा स्राव तयार होत राहतो, त्याचा साठा संपत नाही. शुक्रजंतू वृषणात रोज कोट्यवधींनी तयार होतात आणि एक खेप पूर्ण व्हायला साधारण अडीच महिने लागतात. बाहेर पडले नाहीत तर शरीर ते जिरवून टाकतं. झोपेत वीर्य जाणं हा त्याच कामकाजाचा भाग आहे. महिन्यातून तीन-चारदा होणं, आठवड्यातून दोनदा होणं, अजिबात न होणं, सगळं ठीक. त्यावर औषध नाही, कारण त्याची गरजच नाही.

‘पातळ झाली’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर जरा थांबतो. वीर्य बाहेर येतं तेव्हा घट्ट, गोळ्यासारखं असतं. पंधरा मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात प्रोस्टेटमधल्या विकरांमुळे ते पातळ होतं, आणि ते तसं व्हावंच लागतं, नाहीतर शुक्रजंतूंना पुढे सरकता येणार नाही. म्हणजे त्या माणसाने तुला जे आजाराचं लक्षण म्हणून सांगितलं, ते निरोगीपणाचं लक्षण आहे. लॅबमध्ये वीर्य तपासताना सुरुवातीला हेच पाहतात की नमुना वेळेत पातळ झाला का. मूल होणार की नाही हे डोळ्यांनी बघून कुणालाच सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू ही खालची मर्यादा धरली आहे, आणि ती मोजायला सूक्ष्मदर्शक लागतो. शिवाय ही तपासणी आज तुला करायची गरज नाही. लग्नानंतर मूल हवं असताना वर्षभर राहिलं नाही तर दोघांनी मिळून करायची असते.

आता लघवीतलं पांढरं. सकाळची लघवी दाट असते, आणि जेवणानंतर कधीकधी तिच्यात फॉस्फेटचे क्षार उतरतात, मग ती दुधाळ दिसते. माझ्याकडे एखादा मुलगा फारच घाबरलेला असेल तर मी त्याला लॅबमध्ये घेऊन जातो आणि त्याच्या डोळ्यांसमोर नळीतल्या गढूळ लघवीत ॲसेटिक ॲसिडचे दोन-चार थेंब टाकायला सांगतो. क्षार असतील तर नळी बघताबघता पाण्यासारखी स्वच्छ होते. कितीही समजावून जे पटत नाही ते त्या नळीने पटतं. नळी गढूळच राहिली तर पू किंवा जंतुसंसर्ग असू शकतो, त्यावर साधे उपचार आहेत. संडासला जोर लावताना येणारा चिकट थेंब प्रोस्टेटवर दाब पडून येतो. बद्धकोष्ठ असेल तर जास्त येतो. पाणी पी, पालेभाजी खा, मेसमध्ये ताक मिळत असेल तर घे.

मग अशक्तपणा कुठून आला? तो खरा आहे, तू सोंग करत नाहीस. फक्त त्याचं कारण चुकीच्या जागी शोधलं गेलं. रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत, सकाळी चहा-बिस्किट, मेसचं पातळ वरण, दिवसाचे बारा तास खुर्चीत, निकालाची टांगती तलवार आणि त्यात लग्नाची तारीख. कंबर यानेही दुखते. हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि साखर एकदा तपासून घे. शाकाहारी मुलांत बी-१२ ची कमतरता आम्हाला वारंवार सापडते. झोप, भूक आणि लक्ष ही तिन्ही एकदम बिघडली असतील तर त्यामागे चिंतेचा किंवा उदासीचा आजार असू शकतो, आणि तो बरा होतो. डॉ. एन. एन. विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी १९६० मध्ये नेमक्या तुझ्यासारख्या तक्रारींच्या संचाला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. वीर्य जाण्याने अशक्तपणा येत नाही, वीर्य जातंय या भीतीने येतो, हे त्यातलं मर्म. मनावरचा ताण बोलून हलका करायचा असेल तर सरकारची टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची सेवा फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

ही भीती आपल्याकडचीच आहे असंही नाही. अठराव्या शतकात स्वित्झर्लंडमधल्या तिसो नावाच्या डॉक्टरने हस्तमैथुनाने माणूस वाळून, आंधळा होऊन मरतो असं लिहिलं आणि पुढची दीड-दोनशे वर्षं युरोपातले डॉक्टर तेच सांगत राहिले. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि त्यात वाचकांच्या अशाच प्रश्नांना शास्त्रीय उत्तरं दिली. त्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरले, दंड झाला, पण मासिक थांबलं नाही. तू आज विचारलेला प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी मराठीत विचारला गेला होता आणि त्याचं खरं उत्तरही मराठीत छापून आलं होतं. तरी ते तुझ्यापर्यंत पोचलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. तू शाळेत असतानाच, २००७ मध्ये, महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. शाळा गप्प बसली की शिकवायचं काम एसटी स्टँडच्या भिंती करतात.

त्या भिंतींवरच्या जाहिरातींबद्दल एवढं लक्षात ठेव: लैंगिक शक्ती वाढवतो, गुप्तरोग बरे करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपचार जाहिरात कायद्याने बंदी आहे. जो माणूस कायदा मोडून भिंतीवर नंबर लिहितो, लॉजची खोली बदलत राहतो आणि पावती देत नाही, त्याच्या पुडीत काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. अशा औषधांत शिसं, पारा, स्टेरॉइड किंवा ताठरतेच्या ॲलोपॅथिक गोळ्यांची पूड मिसळलेली अनेकदा सापडली आहे. उरलेल्या पुड्या आजच बंद कर, पण फेकू नकोस, डॉक्टरकडे घेऊन जा. त्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता धरून औषध अचानक बंद केल्याचंही त्यांना सांग. चक्कर, उलट्या किंवा फार गळाल्यासारखं वाटलं तर लगेच जा. ४५ दिवस घेतल्यात म्हणून मूत्रपिंड आणि यकृताच्या रक्ततपासण्या करून घे. रीतसर पदवी घेतलेल्या, नोंदणी असलेल्या आयुर्वेदाच्या वैद्यांबद्दल मी हे बोलत नाही. त्यातले अनेक जण तुला मी सांगतोय तेच सांगतील.

हस्तमैथुनाने वीर्य कमी होत नाही, लिंग वाकडं किंवा लहान होत नाही, लग्नानंतर अडचण येत नाही. थोडा बाक बहुतेकांना असतो. ताठर अवस्थेतली सरासरी लांबी साधारण १३ सेंटीमीटर असते आणि त्याहून कमी-जास्त असणारे असंख्य पुरुष सुखाने संसार करतात. हस्तमैथुनाची काळजी कधी करायची? अभ्यास, झोप, माणसं सोडून दिवसाचे तास त्यात जाऊ लागले, किंवा मन शांत करायला दुसरा मार्गच उरला नाही, तर समुपदेशकाशी बोल. मोबाइलवरच्या अश्लील व्हिडिओंबद्दल मात्र मी स्पष्ट सांगतो. ते पाहून शिकायला जाऊ नकोस. त्यात अभिनय आहे, कापून जोडलेली दृश्यं आहेत, औषधं आहेत, आणि बाईला काय हवंय हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही. अनेक देशांतल्या जोडप्यांना घड्याळ देऊन केलेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष संभोगाचा मध्यक काळ (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) साडेपाच मिनिटांच्या आसपास निघाला. व्हिडिओतला अर्धा तास डोक्यात ठेवून स्वतःला नापास करणारी मुलं माझ्याकडे लग्नानंतर पंधरा दिवसांत येतात.

आता त्या मुलीबद्दल. तुझ्या सगळ्या प्रश्नात ती एकाच वाक्यात आली. तिला हस्तमैथुनाची कबुली द्यायची गरज नाही, तो काही गुन्हा नाही. पण तिच्याशी बोलायचं मात्र आहे. मूल लगेच हवं की दोन वर्षांनी? तिची नोकरी, शिक्षण? मनात काही धास्ती आहे का? तिलाही कुणी ना कुणी काहीतरी सांगून घाबरवलेलंच असणार. अंगावरून पांढरं जातं म्हणून हाडं झिजतात, अशी भीती घेऊन आलेल्या किती मुली मी पाहिल्या. पाळीच्या मध्यावर पारदर्शक, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट स्राव होणं नैसर्गिक आहे. दह्यासारखा, खाज सुटणारा किंवा दुर्गंध येणारा असेल तर उपचार हवेत.

पहिल्या रात्री रक्त यायलाच हवं, हे डोक्यातून काढून टाक. योनिपटल, म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेला पातळ पडदा, प्रत्येकीचं वेगळं असतं. कुणाचं लवचीक, कुणाचं जन्मतःच अगदी थोडं. अनेकींना पहिल्या संबंधात रक्त येतच नाही. कौमार्य तपासून सांगता येईल अशी कोणतीही वैद्यकीय परीक्षा अस्तित्वात नाही. अत्याचारपीडित महिलांची ‘टू फिंगर टेस्ट’ अशास्त्रीय आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये पुन्हा कडक शब्दांत बजावलं. चादर बघणारं कुणी घरात असेल तर तिथे तू तिच्या बाजूने उभा राहायचं आहेस.

त्या रात्री काही घडलंच पाहिजे असंही नाही. लग्नाची दगदग, पाहुण्यांनी भरलेलं घर, पातळ दार, पलीकडे कुजबुज. अशात ताठरता न येणं किंवा लगेच वीर्य जाणं अगदी साधं आहे. अॅड्रेनालिन हे ताणात सुटणारं संप्रेरक वाढलं की रक्तवाहिन्या आकसतात, आणि भीतीत ताठरता येत नाही ती त्यामुळेच. आधी ओळख होऊ दे. तिची तयारी नसेल तर तिला कोरडेपणामुळे दुखतं, आणि दुखलं की पुढच्या वेळी तिचे स्नायू आणखी आखडतात. ‘नको’ म्हणाली, गप्प राहिली, अंग आखडलं, तर थांबायचं. मंगळसूत्र म्हणजे कायमची परवानगी नव्हे, दर वेळी तिचं ‘हो’ लागतं. आठवडा लागला, महिना लागला, तरी काही बिघडत नाही.

मूल लगेच नको असेल तर पहिल्या दिवसापासून साधन वापरा. वीर्य बाहेर सोडण्यावर किंवा पाळीच्या तारखा मोजण्यावर भिस्त ठेवू नकोस, त्यात पुष्कळ जणी गरोदर राहतात. निरोध वापरताना पाकिटावरची तारीख बघ, एक निरोध एकदाच वापर, आणि खोबरेल किंवा व्हॅसलीन लावू नकोस, तेलाने रबर फाटतं. पाकीट खिशातल्या पैशांच्या पाकिटात महिनोन्महिने ठेवू नकोस. सरकारी दवाखान्यात निरोधाबरोबर माला-एनच्या रोजच्या गोळ्या, ‘छाया’ ही हार्मोन नसलेली गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा) आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन मोफत मिळतं. तिला कोणतं चालेल हे स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून ठरवतील. निरोध फाटला तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती अडीअडचणीची आहे, दर वेळची नाही. तिने पुढची पाळी मागेपुढे होऊ शकते. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची चाचणी करा.

लग्नाआधी दोघांनी मिळून रक्त तपासा: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सिफिलिससाठी व्हीडीआरएल, आणि थॅलेसेमिया व सिकलसेल या आई-बापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारांसाठी हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी. आई-बाप दोघंही वाहक (स्वतःला त्रास नसून आजार पुढे देऊ शकणारे) निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि ते आधी कळलं तर मार्ग असतात. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (समुपदेशन व तपासणी) केंद्रात फुकट आणि गुप्त होते. याआधी तुझे कुणाशी असुरक्षित संबंध आले असतील तर ते डॉक्टरला सांग, कुणी तुझी उलटतपासणी घेणार नाही. न दुखणारी जखम, लघवीच्या जागेतून पू, कोंबासारखे चामखीळ, पाण्याचे फोड: यातलं काही दिसलं तर जिल्हा रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये जा. गुप्तरोग कित्येकदा काहीही न दाखवता असतात, म्हणून तपासणी. असुरक्षित संबंधानंतर एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. शंका असेल तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन कर. आणि तिने एचपीव्हीची लस घेतली नसेल तर आत्ताही घेता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २६ वर्षांपर्यंत मुला-मुलींना देता येते. गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळणारी ही लस आहे आणि मी माझ्या घरातल्या मुलींना ती आवर्जून घ्यायला लावली आहे.

जाता जाता माझ्या रोजच्या कामातली एक गोष्ट. जांघेत खाज आली की मेडिकलमधून ‘ट्यूब’ आणून लावू नकोस. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं, आठ दिवस बरं वाटतं आणि मग नायटा मांडीभर पसरतो.

राहिला तुझा भाऊ. त्याला समोर बसवून भाषण देऊ नकोस, सायकलवर किंवा शेतात जाताना बोल. आवाज फुटणं, मिसरूड, अंगावर केस, झोपेत वीर्य जाणं हे सगळं होणार आहे आणि तुलाही झालं होतं, एवढं त्याला तुझ्या तोंडून कळलं तरी खूप झालं. मित्रांपेक्षा उशिरा झालं तरी घाबरायचं नाही. पण १४ पूर्ण झाली तरी काहीच बदल सुरू झाला नाही तर डॉक्टरला दाखवायचं. दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननाची माहिती आहे, ती त्याच्याबरोबर तू वाच. वृषणात अचानक असह्य दुखायला लागलं तर लाजून झोपून राहायचं नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. वृषण पिळलं गेलेलं असू शकतं आणि सहा तासांत शस्त्रक्रिया झाली तरच ते बहुधा वाचतं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण लाजेपायी सकाळपर्यंत थांबलेली पोरं मी पाहिली आहेत.

कुणी, अगदी नात्यातल्या मोठ्या माणसानेही, नको तिथे हात लावला तर ते लगेच सांगायचं आणि त्यात त्याचा दोष नाही, हे त्याला स्वच्छ सांग. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक त्याला पाठ करून ठेवायला सांग. १८ वर्षांखालच्या कुणाचाही नग्न किंवा अश्लील फोटो मागणं, ठेवणं, पुढे पाठवणं गुन्हा आहे, पाठवणारा स्वतः शाळकरी असला तरी. अनोळखी मुलीच्या नावाने व्हिडिओ कॉल येतो, पडद्याचं रेकॉर्डिंग होतं आणि मग पैशांची मागणी सुरू होते. यात गावाकडची मुलंही सापडताहेत. तसं झालं तर एक रुपयाही द्यायचा नाही, मेसेज पुसायचे नाहीत, तुला सांगायचं आणि १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार करायची. तू रागावणार नाहीस याची त्याला आत्ताच खात्री दे. आणि तुला एखादा प्रश्न जड वाटला तर आपल्याकडे सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, तिथे त्याला घेऊन जा. सोबत तू बस, पण समुपदेशकाने सांगितलं की बाहेर थांब.

तुझ्या स्वतःच्या कामांचा क्रम असा ठेव: या आठवड्यात लघवी आणि रक्ताच्या तपासण्या. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आणि त्या उरलेल्या पुड्या घेऊन सरकारी रुग्णालयातल्या त्वचा व गुप्तरोग विभागात जा, केसपेपर अगदी थोडक्या पैशांत निघतो. डॉक्टरांना खाज किंवा केसांपासून सुरुवात न करता, मला लिहिलंस तसंच सांग.